जुन्या गाडीची थरथर : इंजिन उघडण्यापूर्वी काय पाहावे?

व्यापाऱ्याच्या जमाखर्चात गाडीची दुरुस्ती हे असे खाते आहे की ज्याचा आकडा मालक ठरवत नाही, मिस्त्री ठरवतो. कापड घेताना आपण तागा उलगडून पोत पाहतो, बोटाने सूत चाचपतो, उजेडात धरून वीण पाहतो आणि मगच भाव बोलतो. तोच माणूस गॅरेजच्या दारात उभा राहिला की त्याची जबान बंद होते. "उस्ताद, इंजिन फार हलते," एवढे तो सांगतो आणि मिस्त्री म्हणतो, "शेठ, खोलावं लागेल." खरे पाहता इंजिन उघडण्याचा निर्णय मालकाने आपल्या त्या एका वाक्यानेच अर्धा देऊन टाकलेला असतो.

आपल्या बाजारपेठांतून पुष्कळसा माल आजही जुन्या गाड्यांवर फिरतो. टाटा ४०७ हा टेम्पो १९८६ मध्ये आला. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत ती तयार होत राहिली. लोक जिला छोटा हत्ती म्हणतात ती टाटा एस २००५ ची. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या अशा गाड्यांत थरथर असायचीच, असे समजून काही जण दुर्लक्ष करतात, तर काही जण घाबरून रिंग-पिस्टनच्या खर्चात पडतात. दोन्ही रीती नुकसानीच्या आहेत. गाडी थरथरते म्हणजे इंजिनच बिघडले असे नाही, आणि गाडी नेमकी केव्हा थरथरते हे जो मालक सांगू शकतो त्याचे अर्धे निदान पैसा न मोजता झालेले असते.

म्हणून गॅरेजला जाण्यापूर्वी दोन दिवस गाडीकडे लक्ष देऊन एका कागदावर लिहून काढावे. थरथर गाडी उभी असताना आहे की चालताना? थंड इंजिनात आहे की गरम झाल्यावर? रेस दिल्यावर वाढते की कमी होते? ठरावीक वेगालाच येते काय? रिकाम्या गाडीत येते की भरलेल्या? ब्रेक दाबल्यावरच येते काय? (ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर इंजिनाचा विषयच नाही, ड्रम किंवा डिस्क वाकडी झिजली आहे.) आणि शेवटचा प्रश्न, जो मिस्त्री सहसा विचारत नाही : थरथर सुरू होण्याच्या आधी गाडीचे कोणते काम झाले होते? कालच क्लच प्लेट बदलली आणि आज गाडी हलते, तर आधी कालच्या कामात पाहावे. पंक्चर काढून चाक बसवले आणि दुसऱ्या दिवशी हादरे सुरू झाले, तर सर्वांत आधी चाकाचे नट पाहावेत आणि ते पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये.

उभ्या गाडीची थरथर

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन चालू करावे. चालताना येणारी थरथर येथेच रेस देऊन जशीच्या तशी आली तर दोष इंजिनात, त्याच्या रबरात किंवा त्याला जोडलेल्या क्लच-पंख्यात आहे. कितीही रेस दिली तरी उभ्या गाडीत ती येत नसेल तर बोनेट बंद करून गाडीखाली पाहावे. या एका परीक्षेने पुष्कळांचे इंजिन उघडण्यापासून वाचले आहे.

येथे थोडा हिशेब समजून घेतला तर फायदा होईल. आपल्या गाड्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. इंजिन स्लोवर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या ४०७ मध्ये मिनिटाला १६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. ओम्नीत तीन सिलिंडर आहेत, तिथे सेकंदाला २०. सुरुवातीच्या टाटा एसमध्ये ७०२ सीसीचे दोनच सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे, तिथे सेकंदाला जेमतेम १३. सत्तावीस ठोके तळहाताला वेगळे जाणवत नाहीत, त्यांची एकसारखी गुणगुण होते. तेरा ठोके जाणवतात. म्हणून छोट्या हत्तीची स्लोवरची धडधड ही तिची जन्मजात सवय आहे. तीन सिलिंडरचे इंजिनही स्वभावाने थोडे पुढे-मागे डुलते, एक टोक वर तर दुसरे खाली. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखालीच आहे, त्यामुळे ते डुलणे बसणाऱ्याला थेट कळते. हे आजार नव्हेत, आणि यांच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आपल्याच जातीची दुसरी चांगली गाडी शेजारी उभी करून तुलना करावी, म्हणजे स्वभाव कोणता आणि दोष कोणता हे कळते.

आता समजा एक सिलिंडर पेटत नाही. मग इंजिन दोनाचे असो, तिनाचे असो की चाराचे, ८०० फेऱ्यांवर मिनिटाला ४०० वेळा एक ठोका गाळला जातो, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात वेळा. ही थरथर बारीक नसते. तिच्यात लय असते, गाडी लंगडल्यासारखी वाटते आणि सायलेन्सरमागे हात धरला तर धूर एकसारखा न येता धक्क्या-धक्क्याने येतो. ज्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात वेळ काढला आहे त्यांना हे सांगायला नको. चाळीस माग चालू असताना एका मागाचा ठोका चुकला तर जॉबर तिकडे मान वळवतो. इंजिनाच्या बाबतीतही कान तसाच तयार होतो. अशा लंगडण्याला गॅरेजात मिसिंग म्हणतात, आणि मिसिंग असेल तर दोष इंजिनाच्या पेटण्यात आहे, रबरात नाही.

एक सावधगिरी येथेच सांगतो. मिसिंग झाकण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्लो वाढवणे. स्क्रू अर्धा फेरा फिरवला की थरथर कमी वाटते आणि मालक खूश होऊन निघतो. स्लो खरोखरच कमी झाला असेल तर तो वाढवणे हे योग्य काम आहे. पण पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या वर नेऊन थरथर दाबली असेल तर रोग तसाच राहिला आणि तेलाचा खर्च वाढला.

फाउंडेशनचे रबर

कंपनीच्या पुस्तकात ज्याला मौंटिंग म्हणतात त्याला गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चिकटवलेले जाड रबर, एवढीच ही वस्तू. इंजिन आणि गिअर बॉक्स अशा तीन-चार रबरांवर ठेवलेले असतात. इंजिनाचा हादरा या रबराने गिळायचा आणि चेसिसपर्यंत जाऊ द्यायचा नाही, हे त्याचे काम. जुन्या गाडीत सर्वांत आधी हेच जाते आणि सर्वांत शेवटी पाहिले जाते. कारण ते खाली अंधारात असते आणि त्याच्यात मजुरीही फार नसते.

आमच्या बाजारात एका भावाची ४०७ आहे. स्लोवर ती इतकी थरथरे की आरशात मागची गाडी ओळखू येत नसे. एका ठिकाणी त्याला बोअर करायला सांगितले, दुसऱ्या ठिकाणी पंप-नोजलचे काम सांगितले. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या फिटरने बोनेट उघडून एक हात इंजिनावर आणि दुसरा चेसिसवर ठेवला, आणि मालकालाही तसेच करायला लावले. इंजिन बऱ्यापैकी शांत होते, पण चेसिस त्याच्याइतकीच हलत होती. म्हणजे हादरा निर्माण जास्त होत नव्हता, तो अडत नव्हता. डाव्या बाजूचे रबर बसून चपटे झाले होते आणि लोखंडावर लोखंड टेकले होते. दोन्ही बाजूंची रबरे बदलली, एका दुपारचे काम. दोन हातांची ही परीक्षा कोणीही करू शकतो, फक्त पंखा, पट्टा आणि गरम नळी यांपासून हात व बाही दूर ठेवावी. इंजिन स्वतःच बेफाम हलत असेल तर मिसिंगकडे पाहावे किंवा रबर तुटून सुटले आहे काय ते पाहावे. इंजिन शांत आणि बॉडी थरथरती असेल तर रबर दबले आहे किंवा कुठे तरी लोखंड टेकते आहे.

दुसरी परीक्षा दोन माणसांची आहे. चाकांना पुढे-मागे दगड लावून जाणकार ड्रायव्हरने ब्रेक घट्ट दाबावा, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडावा, इतकाच की इंजिनाला जोर लागेल पण गाडी हलणार नाही. दुसऱ्याने बाजूला उभे राहून उघड्या बोनेटमध्ये पाहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहू नये. नंतर हेच रिव्हर्स गिअरमध्ये करावे. इंजिन थोडे झुकेल ते साहजिक आहे. पण एका बाजूने इंच-दीड इंच उचलले जाऊन धाडकन परत बसत असेल तर त्या बाजूचे रबर फाटले आहे. नुसते पाहून फाटलेले रबर पुष्कळदा कळत नाही, कारण इंजिनाच्या वजनाने भेग मिटलेली असते. इंजिन बंद करून खाली लाकडी फळी ठेवून जॅकने अगदी थोडे उचलले की भेग तोंड उघडते. फळीशिवाय जॅक थेट ऑइल चेंबरला लावू नये, पत्रा आत जातो.

रबर बदलताना तीन गोष्टी. एक, ते इंजिनाच्या गळणाऱ्या ऑइलने मऊ पडले असेल तर आधी गळती बंद करावी, नाही तर नवेही वर्षभरात लोण्यासारखे होईल. दोन, फार कडक नकली रबर घेऊ नये. ते टिकते, पण हादरा गिळत नाही, आणि नवीन टाकूनही थरथर गेली नाही म्हणून पुन्हा इंजिनावर संशय येतो. तीन, बोल्ट एकेक करून आवळू नयेत. सर्व ढिले ठेवून इंजिन थोडा वेळ चालवावे, ते आपल्या जागी बसले की मग सर्व आवळावेत. तिरपे आवळलेले नवे रबर जुन्याहून वाईट. हेच सायलेन्सरच्या पाइपाचे. त्याची लटकन रबरे तुटली आणि पाइप चेसिसला टेकला तर एका ठरावीक रेसवर सारी गाडी झणझणते आणि रेस कमी-जास्त केली की थांबते.

मिसिंग कुठे आहे ते शोधणे

पेट्रोल गाडीत आधी प्लग काढून पाहावेत, आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे क्रमाने मांडून ठेवावे. टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते किंवा ठिणगी कमजोर आहे. ऑइलने ओले असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल चढते. पांढरट भाजलेले असेल तर पेट्रोल कमी पडून हवा जास्त होते आहे. चारांत एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरचा, सर्व एकसारखे बिघडले असतील तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या कार्बोरेटर, फिल्टर अशा ठिकाणी. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर पावसाळ्याच्या रात्री अंधारात बोनेट उघडून पाहाव्यात. फुटलेल्या वायरीतून किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या तडकलेल्या टोपीतून ठिणग्या उडताना डोळ्यांनी दिसतात.

बाहेरची हवा आत शिरणे हा जुन्या पेट्रोल गाडीतला छुपा चोर आहे. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून किंवा चिरलेल्या रबरी नळीतून हवा ओढली गेली की स्लोवर थरथर येते आणि रेस दिली की ती निघून जाते, कारण जास्त रेसवर तेवढ्या हवेचे महत्त्व राहत नाही. साबणाचे पाणी सांध्यांवर थोडे थोडे टाकून पाहावे. कोठे पाणी टाकताच इंजिनाचा आवाज बदलला तर चोर सापडला. काही मिस्त्री यासाठी पेट्रोल शिंपडतात, ते गरम इंजिनावर मुळीच करू देऊ नये.

यात आता एक नवे कारण मिळाले आहे. २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे हवा-पेट्रोलचे प्रमाण हवेकडे झुकते. इंजेक्शनची गाडी हे बरेचसे स्वतः सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. शिवाय जुन्या जातीचे रबर त्याने लवकर खराब होते आणि ते पाणी ओढून घेते. महिना-दोन महिने उभी राहिलेली ओम्नी सुरू केल्यावर लंगडत असेल तर इंजिनापूर्वी टाकीतले पेट्रोल, नळ्या आणि कार्बोरेटरची सेटिंग पाहावी.

गॅसवर चालणाऱ्या गाडीची परीक्षा त्याहून सोपी. गॅसवर थरथरते आणि पेट्रोलवर टाकली की शांत होते, तर इंजिन चांगले आहे. गॅस किट, त्याचा फिल्टर आणि प्लग पाहावेत. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे कमजोर प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. दोन्हीवर सारखीच थरथरत असेल तर किटवाल्याकडे जाण्यात अर्थ नाही.

डिझेलमध्ये ठिणगी नसते, तिथे सारा खेळ पंप-नोजलचा. सकाळी थंडीत दोन मिनिटे लंगडून मग सुधारणारे इंजिन असेल तर हीटर प्लग, टॅपेट सेटिंग किंवा उतरत चाललेले कॉम्प्रेशन ही कारणे संभवतात. मध्येच ठोके गाळत असेल तर डिझेलच्या लाइनीत हवा शिरते आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, त्यात पाणी साठले आहे काय हे आधी पाहावे, कारण ही कामे स्वस्त आहेत. त्यानंतर जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोजलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करतो. चालता सिलिंडर असेल तर नट ढिला करताच इंजिन आणखी लंगडते. ज्याचा नट ढिला करूनही काहीच फरक पडत नाही तोच सिलिंडर मेलेला. ते नोजल काढून पंपवाल्याच्या मशीनवर तपासावे. तिथे फवारा धुक्यासारखा निघाला पाहिजे. थेंब गळत असेल किंवा धार पडत असेल तर नोजल खराब. ही बाब लांबणीवर टाकू नये, कारण गळणाऱ्या नोजलचे डिझेल पिस्टनच्या डोक्यावर जळत राहून त्याला भोक पाडू शकते. मग स्वस्तातल्या नोजलचे काम खरोखरच इंजिन उघडण्यावर जाते. काळा धूरही त्यातूनच येतो आणि पीयूसीच्या वेळी अडचण होते.

मात्र हे नट ढिले करण्याचे काम फक्त जुन्या पंपाच्या गाडीत. कॉमन रेलच्या डिझेल गाडीत ते कोणी करत असेल तर थांबवावे. तिथे पाइपातला दाब इतका भयंकर असतो की बारीक धार कातडीतून आत घुसते, हात गमावण्याची पाळी येते. अशा गाडीचा सिलिंडर कॉम्प्युटर लावून तपासतात.

प्लग, वायर, नोजल सर्व ठीक निघाले आणि तरीही एक सिलिंडर मेलेलाच राहिला तर मग कॉम्प्रेशन मोजावे. रिंग-पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड पॅकिंग यांची गोष्ट येथून सुरू होते, याच्या आधी नाही. गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा वेगवेगळा घ्यावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १० ते १२ किलोच्या आसपास असतो, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. परंतु आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सर्व थोडे थोडे उतरले असतील तर इंजिन म्हातारे झाले आहे, ताकद कमी देईल, पण त्याने लंगडणार नाही. तीन चांगले आणि एक फार खाली, ही थरथरीची खूण आहे. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर झिजले आहे. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग, आणि त्यासाठी फक्त हेड उतरवावे लागते, सगळे इंजिन नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर बहुधा त्यांच्या मधले पॅकिंग जळाले. ऑइल टाकण्याची ही युक्ती डिझेलमध्ये करू नये.

पंख्याचा प्रकार थोडक्यात. पंख्याचे एक पाते तुटलेले असले, वॉटर पंपाची किंवा डायनॅमोची बेअरिंग गेली असली तरी रेसबरोबर वाढणारी थरथर येते. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा आणि मग एखादे मिनिट चालवून पाहावे. थरथर गेली तर दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या वस्तूंत आहे. मिनिटापेक्षा जास्त चालवू नये, पाणी फिरत नसते. ज्या इंजिनात टायमिंगही पट्ट्यावर असते तिथे तो पट्टा हा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

चालत्या गाडीची थरथर

उभ्या गाडीत काही सापडले नाही आणि रस्त्यावर मात्र ५०-६० च्या वेगाला थरथर येते, ही तक्रार फार ऐकू येते. मोकळा, सरळ रस्ता पाहून ज्या वेगाला थरथर येते त्या वेगावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आणि मग चौथ्यात चालवून पाहावी. वेग तोच, पण इंजिनाचे फेरे बदलले. थरथर गिअरबरोबर बदलली तर इंजिनाकडची, तशीच राहिली तर चाकाकडची किंवा शाफ्टची. नंतर त्याच वेगाला क्लच दाबून इंजिन स्लोवर येऊ द्यावे. थरथर टिकून राहिली तर इंजिनाची सुटका झाली. चावी मात्र कदापि बंद करू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते आणि ब्रेक जड होतो.

चाक आणि शाफ्ट यांतला फरकही हिशेबाने कळतो. ६० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला १००० मीटर. ओम्नीच्या टायरचा घेर सुमारे १.७ मीटर आहे, म्हणजे चाक सेकंदाला दहाएक फेरे घेते. मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला ४०-५० फेरे. म्हणून चाकाचा दोष मोठा, संथ हादरा देतो. पुढचे चाक असेल तर तो स्टिअरिंगमध्ये जाणवतो, मागचे असेल तर सीटमध्ये. शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्यात भुंग्यासारखा गुणगुणतो. चाकाचा इलाज बॅलन्सिंगच्या दुकानात आहे, त्यापूर्वी टायरवर फुगा आला आहे काय, रिम वाकले आहे काय ते पाहावे.

शाफ्टचे प्रकरण मात्र आपल्यासारख्या माल वाहणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावे. त्याच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात त्यांतल्या क्रॉसची सुई-बेअरिंगे झिजली की आधी गिअर टाकताना टक् असा आवाज येतो, मग गुणगुण, मग हादरे. लांब चेसिसच्या टेम्पोत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधोमध सेंटर बेअरिंग रबरात लटकते. ते रबर फाटले की शाफ्ट डोलू लागतो. गाडी बंद करून, चाकांना दगड लावून, शाफ्ट हाताने धरून वर-खाली आणि उलट-सुलट फिरवून पाहावा. सांध्यात थोडीही ढिलाई किंवा गंज लागलेली लाल भुकटी दिसली तर क्रॉस बदलावा. पुढचा सांधा वेगात तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडून त्यात रुतू शकते, आणि भरलेल्या गाडीचे काय होईल ते सांगायला नको. मागचा तुटला तर फिरणारे टोक ब्रेकचे पाइप तोडू शकते. इंजिनाचे मिसिंग चार दिवस थांबेल, हे थांबू शकत नाही.

फक्त भरलेल्या गाडीत येणारी थरथर हीसुद्धा शाफ्टचीच असते, असे पुष्कळदा दिसते. माल चढला की पाटे दबतात, मागचा अॅक्सल वर सरकतो आणि सांध्यांचा कोन बदलतो. पाटे मेलेले असतील, किंवा एकाच बाजूला गाठी चढवल्या असतील, तर कोन आणखी बिघडतो. मिस्त्रीला रिकामी गाडी दाखवून अशा थरथरीचे निदान होत नाही. माल भरलेला असतानाच एक फेरी त्याला शेजारी बसवून मारावी. उलट, रिकामी असताना थरथरते आणि भरल्यावर शांत होते असेही असते, विशेषतः ज्यांनी पाट्यांची जादा पाने टाकून मागची बाजू उचलली आहे त्यांच्या गाडीत.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर आणि मधल्या जोडावर खडूने किंवा छिन्नीने खुणा करायला सांगावे. तो जसा निघाला तसाच परत बसला पाहिजे. दोन टोकांचे काटे एका रेषेत न आल्यास चांगला शाफ्टही थरथरतो आणि नवा क्रॉस टाकून पैसे वाया गेले असे वाटते.

क्लच सोडताना गाडी थडथडत सुटते, एकदा सुटली की शांत, तर क्लच प्लेटवर ऑइल आले आहे, फ्लायव्हील भाजले आहे, नाही तर फाउंडेशन ढिले आहे. क्लचचे काम फाउंडेशन पाहिल्यानंतरच काढावे, कारण गिअर बॉक्स उतरवण्याची मजुरी तीन रबरांच्या किमतीपेक्षा जास्त असते.

मिस्त्रीकडे जाताना वरचा कागद बरोबर न्यावा आणि "इंजिन हलते" असे न म्हणता त्यावर जे लिहिले आहे ते वाचून दाखवावे. चांगला कारागीर यावर रागावत नाही, त्याचा वेळच वाचतो. इंजिन उघडण्याची गोष्ट निघाली तर कोणत्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन किती आले ते लिहून मागावे. आकडा न घेताच बोअरची गोष्ट करणाऱ्याकडून गाडी परत आणावी, तपासणीची मजुरी द्यावी लागली तरी चालेल. काढलेले जुने सामान मागून घ्यावे, आणि एका वेळी एकच वस्तू बदलून चालवून पाहावी. चार वस्तू एकदम बदलल्या तर थरथर कशाने गेली ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही बदलाव्या लागतात.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी यातली बहुतेक परीक्षा तशीच लागू आहे. फक्त एक जास्त : गाडी पाहायला जाल तेव्हा किल्ली फिरवण्यापूर्वी इंजिनावर हात ठेवून पाहा. ते आधीच गरम असेल तर सौदा न बोलता चहा घ्या आणि उद्या सकाळी येतो, तोपर्यंत गाडी चालू करू नका, असे सांगून परत या. थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटे विकणाऱ्याला लपवता येत नाहीत.